तिसऱ्या भाषेचा तास

सुट्टीत साताऱ्याला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "मुलं कुठल्या मीडियमला आहेत?" विचारणारी कधी आत्या असते, कधी शेजारच्या काकू, कधी शाळेतली जुनी मैत्रीण. आपल्याकडे या प्रश्नाची तीनच उत्तरं असतात: मराठी, इंग्लिश नाहीतर सेमी. जिनिव्हात वाढणाऱ्या माझ्या मुलांचं उत्तर या तिन्हींत बसत नाही. "निम्मं इंग्लिश, निम्मं फ्रेंच," असं सांगितलं की समोरचं माणूस जरा थांबतं, आणि मग हळूच पुढचा प्रश्न येतो, "आणि मराठी?"

या पुढच्या प्रश्नावर लिहायचं कधीचं मनात होतं. आता निमित्तही मिळालंय. लेक पंधरा वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिला शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे विषय निवडून फॉर्म भरायचा आहे. त्यात भाषांचे दोन रकाने आहेत. इंग्लिश आणि फ्रेंच लिहून मोकळं व्हावं असं नवऱ्याचं मत. त्यातल्या एका रकान्यात मराठी लिहावं असं माझं. आणि लेकीचं मत रोज बदलतं. गेला महिनाभर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर हा एकच विषय आहे. (धाकटा सोडून. त्याचा विषय बारा महिने फुटबॉल.)

तोंडी वादात माझं म्हणणं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून इथे नीट मांडून बघते.

आधी शाळेबद्दल. माहितीपत्रकात तिचं वर्णन असं आहे: द्विभाषिक, खाजगी, आंतरराष्ट्रीय डे स्कूल, वय वर्षं तीन ते अठरा. दोन्ही मुलं तिथेच जातात. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. या वर्णनात बसणाऱ्या बऱ्याच शाळा इथे आहेत. इतकी विशेषणं एका दमात वाचली की छाती दडपते. पण एकेक शब्द सुटा करून पाहिला की शाळा काय देते आणि काय आपल्यावर सोडते ते बऱ्यापैकी कळतं.

'आंतरराष्ट्रीय'पासून सुरुवात करू. या प्रकारच्या शाळांचं एक मूळ जिनिव्हातच आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ इथे आला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आली, आणि त्यांच्यासोबत देशोदेशीचे कर्मचारी बिऱ्हाडं घेऊन आले. त्यांच्या मुलांसाठी १९२४ साली एक शाळा निघाली. 'एकोल अँतेरनासिओनाल द जनेव्ह' हे तिचं नाव, पण सगळे तिला 'एकोलिंट' म्हणतात. आदोल्फ फेरिएर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाच्या घरात, मूठभर मुलांना घेऊन ती सुरू झाली. २०२४ साली तिची शंभरी झाली आणि आता तिथे चार हजारांहून जास्त मुलं शिकतात. आपलाही एक धागा तिथे आहे. १९२६ साली कमला नेहरूंच्या उपचारांसाठी नेहरू कुटुंब जिनिव्हात आलं, तेव्हा छोटी इंदिरा याच शाळेत जात होती.

या शाळेच्या मारी-तेरेज मोरेत नावाच्या मुख्याध्यापिका होत्या, १९२९ पासून वीस वर्षं. १९४८ साली त्यांनी युनेस्कोसाठी एक टिपण लिहिलं. विषय असा की शांततेसाठी शिक्षण देण्याची काही तंत्रं असतात का? दोन भाषांतून शिकणं हे त्यातलं एक. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि या बाई मुलांच्या भाषांचा विचार करत होत्या. एका गोष्टीकडे दोन बाजूंनी बघायची सवय मुलाला लहानपणीच लागावी, हा विचार मला मनापासून पटतो. माझ्या मुलांत ती सवय मला दिसते. नेपोलियन इंग्लिश पुस्तकात कसा आहे आणि फ्रेंच पुस्तकात कसा, हे लेक जेवताना रंगवून सांगते तेव्हा फीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

पण दोन भाषा म्हणजे नेमक्या कुठल्या दोन? फ्रेंच आणि इंग्लिश, कारण राष्ट्रसंघाचं कामकाज या दोन भाषांत चालायचं. म्हणजे वर्गात आल्या त्या आईबापांच्या ऑफिसच्या भाषा. एकोलिंटच्या संस्थापकांपैकी एक, लुडविक राइखमन, पोलिश डॉक्टर होते. राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाचे प्रमुख आणि पुढे युनिसेफच्या स्थापनेतलं मोठं नाव. त्यांची स्वतःची भाषा या दोन्हींत नव्हती. तेव्हा 'द्विभाषिक' हा आकडा शाळेच्या भाषांचा झाला. मुलाच्या भाषा किती हे तो सांगत नाही. पोलिश, जपानी, तमिळ, स्वाहिली बोलणारं मूल या शाळेत आलं की ते पहिल्याच दिवशी त्रिभाषिक होतं, आणि त्याची तिसरी भाषा दप्तरासारखी खुंटीला टांगून ठेवली जाते.

ही तक्रार नाही बरं का. पन्नास देशांची मुलं असतील तर शाळा पन्नास भाषांत शिकवू शकत नाही. आणि चांगल्या शाळा स्वतःच सांगतात की घरी तुमची भाषा बोला, मोडकंतोडकं इंग्लिश नको. आम्हालाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. फक्त त्याच आठवड्यात मिळालेल्या छापील कागदावर मुलांची घरची भाषा 'हिंदी' अशी आली होती, कारण अर्जावर मी लिहिलेलं 'मराठी' त्यांच्या कॉम्प्युटरच्या यादीत नव्हतं. दोनदा सांगितल्यावर बदललं. रागावण्यासारखं काही नव्हतं, पण त्या दिवशी मला कळलं की तिसऱ्या भाषेचा हिशोब आपला आपल्यालाच ठेवायचा आहे.

'खाजगी' या शब्दावर फार रेंगाळत नाही. मोठ्या इयत्तांची फी वर्षाला तीस हजार स्विस फ्रँकच्या पुढे जाते. कुणाची कंपनी भरते, संयुक्त राष्ट्रांच्या बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना शिक्षण भत्ता मिळतो, उरलेले खिशातून भरतात. त्यामुळे वर्गात पासपोर्ट वीस रंगांचे असले तरी घरं साधारण एकाच थरातली असतात. खरी सरमिसळ बघायची असेल तर इथल्या सरकारी शाळेत जावं. या कँटनमध्ये दर शंभर माणसांत चाळीस परदेशी नागरिक आहेत आणि त्यांची मुलं बहुतेक करून सरकारी शाळेतच जातात. तिथे शिक्षण फुकट आणि उत्तम आहे. मग आम्ही तिकडे का नाही गेलो? कारण नवऱ्याच्या नोकरीत तीन वर्षांनी दुसरा देश लागू शकतो, आणि तिथे हाच अभ्यासक्रम पुढे चालू राहतो. हे कारण मला आजही पटतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पोर्तुगीज कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा सरकारी शाळेत जातो, फ्रेंचमधून शिकतो, आणि शिवाय आठवड्यातून एकदा त्याचा पोर्तुगीजचा वर्ग असतो. हे वर्ग पोर्तुगालचं सरकार चालवतं, शिक्षक नेमतं, परीक्षा घेतं. तो मुलगा गावाकडच्या आजीला स्वतःच्या हाताने पत्र लिहितो. त्याचा मला हेवा वाटतो. आपल्या मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्ही इथेही पेढे वाटून केला (पेढे म्हणजे मिल्क पावडरचे, पण भावना खरी). २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण राज्याची हद्द ओलांडली की मराठीचा वर्ग म्हणजे कुणाच्या तरी घरचा हॉल आणि कुणाची तरी आई. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, मोठं काम आहे ते. इथे आम्ही मोजकी घरं, तीही दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी.

आता मुख्य शब्द, 'द्विभाषिक'. आमच्या शाळेत लहान वर्गांना एक दिवस इंग्लिश आणि एक दिवस फ्रेंच असतो. मोठ्यांना विषय वाटून दिलेत: गणित-विज्ञान इंग्लिशमधून, इतिहास-भूगोल फ्रेंचमधून. म्हणजे भाषा हा विषय म्हणून शिकायचा नाही, भाषेतून बाकीचं सगळं शिकायचं. या पद्धतीचा मोठा प्रयोग १९६५ साली कॅनडात झाला. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावातल्या इंग्लिश बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरून मुलांसाठी पूर्ण फ्रेंचमध्ये चालणारा बालवर्ग सुरू करून घेतला. लक्षात घ्या, पालकांनी. सरकारला आधी सुचलं नव्हतं.

जिम कमिन्स हे कॅनडातले अभ्यासक. त्यांनी १९७९ साली मांडलेला एक फरक मला फार उपयोगी वाटतो. बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नव्या भाषेत खेळणं, मागणं, भांडणं मुलाला साधारण दोन वर्षांत जमतं. पण त्याच भाषेत कारणं देणं, तुलना करणं, वाचलेल्यावर चार ओळी लिहिणं यायला पाच ते सात वर्षं लागतात. नवीन आलेलं मूल सहा महिन्यांत मैदानावर फ्रेंच बोलायला लागतं, आईवडील खूश होतात, आणि मग वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तक बघून गोंधळतात. त्याचं कारण हे.

हाच फरक उलटा करून मी आमच्या घरच्या मराठीला लावून पाहिला. मुलांची मराठी ऐकायला गोड आहे. "आई, पोळी वाढ", "मला कंटाळा आलाय", "आजी, तू कधी येणार?" सगळं येतं. साताऱ्यात सगळे कौतुक करतात, की किती छान बोलतात हो. पण ही मराठी स्वयंपाकघर, आंघोळ आणि झोप यांच्या पलीकडे गेलेलीच नाही. पाचव्या वर्षी जेवढी होती तेवढीच पंधराव्या वर्षी आहे, फक्त आवाज मोठा झाला.

एकदा धाकटा व्हिडिओ कॉलवर माझ्या सासूबाईंना सांगत होता की आज शाळेत काय शिकला. फ्रेंचमधून शिकला होता, त्यामुळे शब्द फ्रेंच. सासूबाईंना कळेना. मग इंग्लिशमध्ये सांगून पाहिलं, उच्चार इतका इथला की तेही कळेना. शेवटी त्याने दोन्ही हातांनी डोंगर केला आणि तोंडाने धडाम् आवाज काढला. "अरे, ज्वालामुखी!" सासूबाई म्हणाल्या. ज्वाला म्हणजे काय आणि मुख म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं, आणि पोरगं हरखूनच गेलं. डोंगराला तोंड असतं आणि त्यातून आग येते, हे त्या शब्दातच आहे! पुढचे आठ दिवस तो बाथरूमच्या नळापासून कुकरपर्यंत सगळ्याला ज्वालामुखी म्हणत होता. तेव्हा मला वाटलं, मुलांना अवघड मराठी शब्द नको असतात हा आपलाच समज आहे. त्यांना ते कधी कुणी दिलेलेच नसतात.

लेकीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ती माझ्याशी भांडते इंग्लिशमध्ये. प्रेमाने बोलायचं असेल तर मराठी, पण "तू माझं ऐकूनच घेत नाहीस, आणि तुझं हे म्हणणं मागच्या आठवड्यात तूच सांगितलेल्याच्या विरुद्ध आहे" असलं काही म्हणायचं झालं की गाडी इंग्लिशवर जाते, कारण वाद घालायची मराठी तिच्याकडे नाही. पंधराव्या वर्षी मुलांच्या मनात जे महत्त्वाचं चाललेलं असतं ते सगळं असंच, वाद घालण्यासारखं असतं. ते जर मराठीत मावत नसेल, तर मराठी ही फक्त आजीशी गोड बोलायची भाषा होऊन बसते. आजी आहे तोवर बोलायची. पुढे काय, हा विचार मला झोपू देत नाही.

'वय वर्षं तीन ते अठरा' हा शब्दप्रयोग पालकांना सोयीचा वाटतो. एकच बस, एकच कॅलेंडर, एकदाच काय ती धावपळ. त्याचा एक परिणाम मात्र माहितीपत्रकात नसतो. भावंडं एकाच शाळेत, एकाच बसमध्ये असली की शाळेची भाषा त्यांच्या आपसातली भाषा होते. आमच्याकडे इंग्लिश दाराने आली नाही, टीव्हीने आली नाही, ताईने आणली. ती सहा वर्षांची असताना बसमधून उतरल्यावर धाकट्याशी इंग्लिशमध्ये बोलायला लागली, आणि तो तर तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. ज्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या मुलावर पुस्तक लिहिलं. बापाने मुलाशी फ्रेंच बोलायचं, आईने जर्मन, हा नियम पाळून मुलाला दोन्ही भाषा कशा आल्या त्याची हकिगत. आजही 'एक माणूस, एक भाषा' हा सल्ला सर्रास दिला जातो. पण घरात दुसरं मूल आलं की नियमात तिसरा माणूस येतो, आणि त्याच्याशी कुठली भाषा बोलायची हे पहिलं मूल ठरवतं. म्हणून मोठीच्या फॉर्ममध्ये मराठी आहे की नाही, याचा परिणाम धाकट्यावरही होणार आहे. ताई मराठी पुस्तक वाचताना दिसणं आणि आई "वाच रे" म्हणून मागे लागणं, यात किती फरक आहे ते मोठ्या बहिणी असलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता राहिला शेवटचा शब्द, जो वाचताना सगळे ओलांडून जातात: 'डे'. स्वित्झर्लंड बोर्डिंग शाळांसाठी प्रसिद्ध आहे. माझं बालपण पाचगणीपासून तासाभराच्या अंतरावर गेलं, त्यामुळे बोर्डिंग म्हणजे काय ते लांबून का होईना बघितलंय. रविवारी बाजारात रांगेने चालणारी ती ब्लेझरमधली मुलं. तिथे मूल चोवीस तास शाळेचं. डे स्कूलचं मूल साडेतीन-चारला घरी येतं. जिनिव्हात बुधवारची दुपार लहान वर्गांना मोकळी असते, आमच्या शाळेतही. शनिवार-रविवार मोकळा. आणि वर्षात तेरा-चौदा आठवडे सुट्टी. एवढी फी भरून शाळा आपल्याला रोजची संध्याकाळ परत देते, आणि त्या संध्याकाळचं माध्यम कुठलं हे ठरवायला कुठल्याही बोर्डाची परवानगी लागत नाही. माझ्या मते आमच्यासारख्यांसाठी त्या पाच विशेषणांतलं सगळ्यात मोलाचं विशेषण हे आहे.

पण नुसती संध्याकाळ पुरत नाही, हेही तितकंच खरं. संध्याकाळी होमवर्क असतो, व्हायोलिन असतं, कंटाळा असतो. मोठं मूल ज्याला शाळेत किंमत नाही त्याला वेळ देत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. इथे तो फॉर्म येतो.

शेवटची दोन वर्षं मुलं आयबी डिप्लोमा करतात. हा अभ्यासक्रमही जिनिव्हातलाच, १९६८ साली संस्था स्थापन झाली. सहा विषय घ्यायचे, त्यात एक भाषा 'ए' स्तरावर, म्हणजे साहित्य वाचून त्यावर लिहिता येईल अशी. दुसरी भाषा शिकाऊ स्तरावर घेता येते किंवा तीही 'ए' स्तरावर. आणि नियमात एक तरतूद अशी आहे की शाळेत जी भाषा शिकवली जात नाही, तिचं साहित्य मुलाने शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासायचं. पुरेसं लिखित साहित्य असलेली कुठलीही भाषा यासाठी मागता येते. नेहमीच्या यादीत नसेल तर शाळेने आगाऊ विनंती करायची. दोन वर्षांत नऊ साहित्यकृती वाचायच्या, आणि परीक्षेचे पेपर त्याच भाषेत लिहायचे. पुरेसं लिखित साहित्य! ज्ञानेश्वरांपासून मोजायचं का, असं मी त्या समन्वयक बाईंना विचारणार होते, पण गप्प बसले. :-)

पुढची गंमत अशी. दोन भाषा 'ए' स्तरावर घेतल्या आणि दोन्हींत सातपैकी किमान तीन गुण मिळाले, तर डिप्लोमा 'द्विभाषिक' म्हणून मिळतो. त्या दोन भाषा इंग्लिश-फ्रेंचच असाव्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. इंग्लिश आणि मराठीसुद्धा चालतात. मग फ्रेंच सुटते का? नाही. इतिहास फ्रेंचमधून घेता येतो, आमच्याकडे बरीच मुलं घेतात. म्हणजे तिन्ही भाषा एका वेळापत्रकात बसतात. इतकी वर्षं मी 'द्विभाषिक' या शब्दात मराठीला जागा नाही असं समजत होते ते शाळेच्या पाटीपुरतं खरं आहे. डिप्लोमाच्या नियमात ती जागा आहे, कुणीतरी मागायला मात्र हवी.

नवऱ्याचे आक्षेप खोटे नाहीत, म्हणून ते इथे मांडते. पहिला: फिजिक्स आणि गणित आधीच जड, त्यात शिक्षक नसलेला विषय कशाला? दुसरा: तिचं देवनागरी वाचन हळू आहे, जोडाक्षरांशी अडते, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. तिसरा, आणि मला सगळ्यात पटणारा: "परीक्षेत घातलीस की तिची मराठीची गोडी जाईल. आत्ता निदान प्रेम तरी आहे."

पहिल्या दोन्हींवर माझं उत्तर असं की बुधवारची दुपार आणि रविवारची सकाळ मी माझी कामं बाजूला ठेवून तिच्याबरोबर बसणार आहे. शिक्षक नाही हे खरं, पण नऊ पुस्तकं वाचायला दोन वर्षं आहेत आणि वाचनाचा वेग वाचूनच वाढतो. पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलायची मुभा शाळा देते, तेव्हा दार बंद होत नाही. तिसऱ्याचं उत्तर सोपं नाही. पण मी मराठी शाळेत शिकले, दहा वर्षं मराठीच्या परीक्षा दिल्या, संदर्भासहित स्पष्टीकरणं लिहिली, आणि तरी गोडी शिल्लक आहेच की. शाळेने दखल घेतल्याने भाषेची किंमत कमी होत नाही. उलट, शाळा ज्याची दखल घेत नाही ते मूल हळूहळू सोडून देतं. एका भाषेवर 'प्रेम' आणि दुसरीत 'विचार' अशी वाटणी मला मान्य नाही.

इथे मी स्वतःलाही एक ब्रेक लावून ठेवलाय. फ्रँस्वा ग्रोझाँ हे नशातेलचे निवृत्त प्राध्यापक, द्विभाषिकतेचे मोठे अभ्यासक. त्यांचं सांगणं असं की दोन भाषा बोलणारा माणूस म्हणजे एका अंगात कोंबलेली दोन एकभाषिक माणसं नव्हेत. प्रत्येक भाषेला त्याच्या आयुष्यात वेगळं काम असतं. तेव्हा लेकीची मराठी माझ्यासारखी साताऱ्याची व्हावी असा हट्ट मी धरणार नाही. तिच्या मराठीत फ्रेंचचा वास येईल, वाक्य कधी उलटं पडेल. पडू दे. तिला तिच्या मराठीत एखाद्या गोष्टीबद्दल "मला हे पटत नाही, कारण..." असं पुरं वाक्य म्हणता आलं, की मला पुरे.

पुस्तकांपैकी एक मी मनात नक्की केलंय: विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. १९३९ साली आलेली कादंबरी. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि देश सोडावा लागलेली जर्मन ज्यू मुलगी. जी गोष्ट शिकवायला ही आंतरराष्ट्रीय शाळा निघाली, ती मराठीत तेव्हाच लिहून झालेली होती. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवून विचारलं, "मराठीत असं पण आहे?"

शेवटी सही तिची असणार आहे, माझी नाही. तिने इंग्लिश-फ्रेंच लिहिलं तरी बुधवारची दुपार चालूच राहील. पण एकदा तरी तिच्यासमोर तिन्ही भाषा एका रांगेत, सारख्या मानाने मांडल्या जाव्यात आणि मग तिने निवडावं, एवढंच माझं म्हणणं. हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, तुमच्या मुलांच्या 'इंटरनॅशनल' शाळेतही हा डिप्लोमा असेल तर त्या फॉर्ममध्ये डोकावून बघा. महाराष्ट्रात राहून मराठी साहित्य 'ए' स्तरावर घेता येईल का, हे शाळेला विचारायला काय हरकत आहे?

आणि सगळ्या काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. एक पुस्तक ठरलं, आठ हवी आहेत. कथा, कविता, नाटक, आत्मचरित्र, काहीही चालेल. अट इतकीच की पंधरा वर्षांच्या मुलीला वाचता वाचता आपल्याशी मराठीत भांडावंसं वाटलं पाहिजे. नावं कळवा. पुढच्या सुट्टीत साताऱ्याहून येताना बॅगेत लोणच्याच्या बरण्या एक-दोन कमी आणि पुस्तकं जास्त असतील.